जे विरघळतं त्याचा हिशेब

हाडातली मोठी पोकळी भरायला शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचा सच्छिद्र सांगाडा बसवायचा. त्यात लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळायचे, बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावायचं आणि त्या आधारावर रुग्णाचंच नवं हाड उगवू द्यायचं. नाशिकमध्ये या संशोधनाविषयी बोलणं निघालं की ते तीन ठरलेल्या सुरांत निघतं. पहिला सूर उत्साहाचा: आता प्लेट नको, रॉड नको, ती काढायला दुसरं ऑपरेशन नको, काम झालं की सगळं विरघळून जाणार. दुसरा तुच्छतेचा: चुंबकाच्या गाद्या आणि कडी विकणाऱ्यांनी पांढरा कोट घातला, एवढाच काय तो फरक. तिसरा अस्सल नाशिककराचा: आधी हायवेवरचे आणि द्वारका चौकातले खड्डे बुजवा, म्हणजे हाडं मोडायचीच थांबतील! तिन्ही सूर टाळ्या मिळवतात. पण ज्याच्या पायात हा सांगाडा बसणार आहे त्याचं पुढे काय होणार, हे या तिघांपैकी एकही जण विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे संशोधन व्हावं, त्यावर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा आणि वेळ येईल तेव्हा माणसांवरच्या चाचण्या आपल्या शहरातही व्हाव्यात. मात्र ‘विरघळतं म्हणजे सुरक्षित’ असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. शरीरात कायम राहणाऱ्या वस्तूपेक्षा शरीरात विरघळणाऱ्या वस्तूची नोंद जास्त काटेकोर ठेवावी लागते आणि जास्त वर्षं ठेवावी लागते. तशी नोंद ठेवणारी यंत्रणा आज आपल्याकडे नाही. वाद व्हायचाच असेल तर तो यावर व्हावा.

मी डॉक्टर नाही. सातपूरला प्लास्टिक मोल्डिंगमध्ये माझी नोकरीची वर्षं गेली, त्यामुळे पॉलिमर म्हणजे काय आणि ते कसं दगा देतं याची थोडी कल्पना आहे. हाडाबद्दल मात्र वाचून आणि ऑर्थोपेडिक मित्रांचं डोकं खाऊन शिकलो. त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की हाडाला भार लागतो. १८९२ मध्ये यूलियस वोल्फ या जर्मन सर्जनने मांडलं की ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड स्वतःची रचना बदलत राहतं. भार गेला की ते झिजतं. अंतराळवीरांच्या मांडी-कंबरेच्या हाडांची घनता दर महिन्याला साधारण एक टक्क्याने कमी होते, ती याच कारणाने. मोडलेल्या पायाची अडचण यातूनच सुरू होते. जुळायला ताण हवा, पण ताण द्यावा तर जोड हलतो. मध्ये चार-पाच सेंटिमीटर हाडच उरलं नसेल तर ताण द्यायचा तरी कशाला?

चुंबकीय कणांची कल्पना या पेचावर बेतलेली आहे. पीएलए किंवा पीसीएलसारख्या विरघळणाऱ्या पॉलिमरचा सांगाडा पेशींना बसायला जागा देतो, पण तो स्वतः मुका असतो. त्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोह-ऑक्साइडचे, कण मिसळले आणि बाहेरून क्षेत्र लावलं की कण ओढले जातात, सांगाड्याच्या भिंती किंचित ताणल्या जातात आणि तिथे चिकटलेल्या पेशीला ती ओढ जाणवते. पेशीला ओढ कळते कशी, हा प्रश्नही आता गूढ राहिलेला नाही. पेशीच्या आवरणावर ताण आला की उघडणाऱ्या ‘पीझो’ वाहिन्या २०१० मध्ये सापडल्या आणि त्यासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे पाय प्लास्टरमध्ये स्थिर असताना आतल्या पेशींना ‘चालल्याचा’ भास द्यायचा, असा हा डाव आहे. कण वीसेक नॅनोमीटरचे असले तर क्षेत्र काढताच त्यांचं चुंबकत्व उरत नाही, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. शिवाय कणांमुळे सांगाडा थोडा ताठ होतो आणि पेशी त्याला बऱ्या चिकटतात. म्हणून काही प्रयोगांत चुंबक न लावताही फायदा दिसतो. आता तो फायदा चुंबकत्वाचा की नुसत्या खडबडीतपणाचा, हे वेगळं काढणं अवघड जातं आणि अनेक शोधनिबंध ते वेगळं काढतही नाहीत.

आता तुच्छतेचा सूर घेऊ. चुंबकाच्या नावाने माणसांना फसवण्याची परंपरा खरोखर जुनी आहे, त्यामुळे संशय घेणाऱ्याला मी हसणार नाही. रक्तात लोह आहे म्हणून चुंबकाने रक्ताभिसरण सुधारतं, असं सांगून महागड्या गाद्या खपवल्याचं आपण घराघरांत पाहिलंय. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच मोजून दाखवलं होतं. तसं ते वागत असतं तर दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रातून कोणी धडपणे बाहेर आलं नसतं. पण म्हणून चुंबक आणि शरीर हे दोन शब्द एका वाक्यात आले की ते वाक्य खोटंच, असं म्हणता येईल का?

१७८४ साली पॅरिसमध्ये हाच वाद पेटला होता. फ्रान्झ मेस्मर ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करतो म्हणून गर्दी खेचत होता. राजाने चौकशीसाठी आयोग नेमला, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉइझिए होते. त्यांनी वाद घातलाच नाही, तपासलं. फ्रँकलिनच्या बागेत एक झाड ‘भारून’ ठेवलं आणि एका मुलाला डोळे बांधून दुसऱ्याच झाडांपाशी नेलं. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला, आणि ते भारलेलं झाड नव्हतंच. मेस्मरचं दुकान बसलं ते यामुळे. त्या आयोगाचा धडा ‘चुंबक म्हणजे भोंदूगिरी’ असा काढणं म्हणजे आयोगाने जे कष्ट घेतले ते टाळून फक्त निकाल घेऊन पळणं. त्यांनी डोळे बांधून पाहिलं. आपणही डोळे बांधून पाहावं, एवढंच त्यातून निघतं.

आणि ते न पाहिल्याने काय होतं याचंही उदाहरण आहे. न जुळणाऱ्या हाडावर बाहेरून स्पंदित विद्युत-चुंबकीय क्षेत्र लावायच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, १९७९ मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून ती यंत्रं जगभर वापरली गेली. २०११ मध्ये कॉक्रेन या उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी सगळा पुरावा एकत्र करून पाहिला, तर निष्कर्ष काय? फायदा असू शकतो, पण चाचण्या इतक्या थोड्या आणि लहान की ठामपणे सांगता येत नाही. तीन दशकं वापरलेल्या उपचाराबद्दल हे उत्तर! भौतिकशास्त्र चुकलं म्हणून असं झालं नाही. कोणाला लावलं, कुणाचं जुळलं, कुणाचं नाही, हे कोणी नेटकेपणाने मोजत बसलं नाही, म्हणून झालं.

खड्डेवाल्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, म्हणून त्याला उत्तर द्यायला जास्त वेळ लागेल. सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्त्यांवर पैसा ओतला जातोय आणि तरी दुचाकी घसरून नडगीचं हाड उघडं पडलेला रुग्ण शहरातल्या ट्रॉमा विभागांना नवा नाही. ते हाड कातडीच्या लगेच खाली असतं. जखम उघडी झाली की माती शिरते, जंतुसंसर्ग होतो, सर्जनला मेलेलं हाड काढून टाकावं लागतं आणि मागे पोकळी राहते. सुरगाणा-पेठकडच्या रुग्णाला पहिल्या काही तासांत नीट धुतलेली जखम आणि योग्य अँटिबायोटिक मिळालं, तर असल्या अनेक पोकळ्या तयारच होणार नाहीत. नॅनो कणांवर पैसा खर्च करण्याआधी ग्रामीण रुग्णालयात सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं यंत्र) आणि भूलतज्ज्ञ द्या, असं कोणी म्हणत असेल तर त्याचं पारडं जड आहे. शिवाय पोकळी भरायचे जुने मार्गही काही टाकाऊ नाहीत. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढून पोकळीत भरलेलं हाड, म्हणजे ग्राफ्ट, आजही सगळ्यांत भरवशाचा. गावरिल इलिझारोव्ह यांनी सायबेरियातल्या कुर्गानमध्ये विकसित केलेली कड्यांची चौकट तर सायकलच्या स्पोकसारख्या तारांवर उभी असते आणि दिवसाला एक मिलिमीटर या गतीने नवं हाड ओढून काढते. तिला नॅनो काहीच लागत नाही.

पण या दोन्ही उपायांची किंमत कोण मोजतं ते बघा. कमरेतून मिळणारं हाड मोजकंच असतं, लहान मुलात तर अगदीच थोडं; आणि जिथून काढलं ती जागा कित्येकांना मूळ जखमेपेक्षा जास्त काळ दुखते. इलिझारोव्हची चौकट दर सेंटिमीटरमागे महिना-दोन महिने पायावर राहते. पाच सेंटिमीटरची पोकळी म्हणजे कधी कधी जवळजवळ वर्ष. द्राक्षबागेत रोजंदारीवर छाटणी करणाऱ्याचं ते वर्ष कोण भरून देणार? रुग्ण चौकट अर्धवट सोडून का जातात, हे कुठल्याही सरकारी ओपीडीत बसणाऱ्या निवासी डॉक्टरला विचारा. म्हणजे ‘स्वस्त’ उपाय स्वस्त आहे तो दवाखान्याला. आणि दुसरं असं, की खड्डे बुजवायचा पैसा आणि संशोधनाचा पैसा एकाच तिजोरीतून येतो आणि एकाने घेतला की दुसऱ्याला मिळत नाही, हे गृहीतच तपासून पाहण्याजोगं आहे. खड्डे राहतात ते पैसा प्रयोगशाळेत गेला म्हणून नव्हे, हे नाशिककराला मी सांगायला हवं असं नाही. बरं, सगळे रस्ते गुळगुळीत झाले तरी हाडाचा कॅन्सर होणारी मुलं राहतीलच, जंतुसंसर्गाने हाड गमावणारे मधुमेही राहतीलच.

विरोधकांचा खरा भक्कम मुद्दा याहून वेगळा आहे आणि तो फारसा कोणी मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. या सांगाड्यांबद्दल आजवर जे दिसलंय ते बहुतांशी पेशींच्या ताटल्यांत, उंदरांत आणि सशांत. उंदराच्या कवटीला पाडलेलं आठ मिलिमीटरचं भोक आणि माणसाच्या नडगीतली पाच सेंटिमीटरची पोकळी यांत नुसता आकाराचा फरक नाही. पेशीला जगायला रक्तवाहिनी एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आत लागते. छोट्या सांगाड्याच्या मध्यापर्यंत ती सहज पोचते. मोठ्याचा मध्य उपाशी राहतो. चुंबकीय क्षेत्र किती ताकदीचं, स्थिर की बदलतं, दिवसातून किती वेळ, यात प्रत्येक प्रयोगशाळेचं गणित निराळं, त्यामुळे एकीचा निकाल दुसरीशी ताडून पाहता येत नाही. लोहाचं काय होतं, हाही प्रश्न आहेच. लोह-ऑक्साइडचे कण शरीराला अगदी परके नाहीत. एमआरआयसाठी आणि २००९ पासून रक्तक्षयावर ते शिरेतून दिले गेलेत, मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून शरीराच्या लोहसाठ्यात जमा करतात. पण शिरेतून रक्तात पसरलेलं लोह आणि एकाच जागी, नाजूक नव्या हाडात साठलेलं लोह सारखं नव्हे. थॅलेसेमिया आणि हिमोक्रोमॅटोसिसमध्ये जादा लोहाने हाडं ठिसूळ होतात हे माहीत आहे. हाड वाढवायला घातलेली गोष्ट मर्यादा ओलांडल्यावर हाड खाऊ लागू शकते.

एक विसंगती तर मला अजून कोणी समजावून दिलेली नाही. या सांगाड्याचा एक आकर्षक उपयोग असा सांगतात की हाडाचा ट्यूमर काढल्यावर तिथे तो बसवायचा आणि बदलतं क्षेत्र लावून कण ४२ ते ४५ अंशांपर्यंत तापवायचे, म्हणजे उरलेल्या कॅन्सरपेशी मरतील. कल्पना छानच. पण ट्यूमर परत आला का हे पाहायचं मुख्य साधन एमआरआय, आणि चुंबकीय कण नेमके तिथेच चित्रात काळा डाग पाडतात. ज्या रुग्णाला पाळत सगळ्यांत जास्त हवी त्याच्याच डोळ्यांवर पट्टी! यावर मार्ग निघेलही, कण कमी करता येतील, सीटी-पेटने पाहता येईल. पण जाहिरात करणारे हे बोलत नाहीत.

इतकं सगळं मान्य करूनही मी संशोधनाच्या बाजूने का? कारण हे सगळे प्रश्न तपासता येण्याजोगे आहेत, आणि तपासल्याशिवाय सुटणारे नाहीत. माझी तक्रार तपासण्यावर नाही, तपासणी कधी संपली म्हणायचं यावर आहे. इथे ‘विरघळतं’ हा शब्द घोळ घालतो.

मोल्डिंगमध्ये राहिलेल्या कोणालाही पॉलिमर तुटण्याचं कौतुक वाटत नाही. ग्रॅन्युल नीट सुकवले नाहीत तर तापलेल्या बॅरलमध्ये पाणी पॉलिमरच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं आणि पार्ट दिसायला चांगला पण हातात कडकन मोडणारा निघतो. पीएलए शरीरात विरघळतं ते याच प्रक्रियेने, पाण्याने साखळ्या तुटून. त्यातून लॅक्टिक आम्ल निघतं आणि शरीर ते शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात जाळतं, इथवर छान. पण जाड तुकड्यात हे आम्ल आतच कोंडतं आणि त्याच्या तडाख्याने आतला भाग बाहेरच्यापेक्षा आधी कुजतो. बाहेरून धड, आत पोकळ. निर्जंतुक करायला गॅमा किरण मारले तर साखळ्या आधीच आखूड झालेल्या असतात. मूळ ग्रेड बदलला, कणांचं प्रमाण बदललं, पिशवीत दमट हवा गेली, की विरघळण्याचं वेळापत्रक बदलतं. म्हणजे ‘विरघळतं’ हा काही गुण नाही, ती एक तारीख आहे, आणि ती तारीख बॅचगणिक सरकते. नवं हाड भार घेण्याच्या आधी ती आली तर?

असं झालेलं आहे, हाडात आणि हृदयातही. फिनलंडमध्ये १९८०च्या दशकात पॉलीग्लायकोलिक आम्लाचे विरघळणारे पिन आणि स्क्रू हाडांत वापरले. ऑपरेशन यशस्वी, एक्सरे उत्तम; आणि काही आठवड्यांनी, म्हणजे पॉलिमर सुटायला लागल्यावर, काही रुग्णांत तिथे सूज येऊन जंतूंशिवायच पू वाहू लागला. पहिल्या महिन्यात पाहणं थांबवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. मग आला अॅबसॉर्ब, पीएलएचाच विरघळणारा स्टेंट. वर्षभराच्या आकड्यांवर अमेरिकेने त्याला जुलै २०१६ मध्ये मान्यता दिली. २०१७च्या मार्चमध्ये दोन वर्षांचे आकडे आले आणि त्यात हृदयविकाराचे झटके धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसले. सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री बंद. आपल्याकडेही तो ‘काम झालं की नाहीसा होणारा’ म्हणून महाग विकला गेला होता. पहिल्या वर्षात धोका दिसलाच नाही असं नाही, पण तो निर्विवादपणे समोर आला तो सांगाडा मोडत जाण्याच्या काळात. अशा वस्तूची परीक्षा ती नाहीशी होताना आणि झाल्यानंतरच असते. बसवतानाची परीक्षा ही निम्मी परीक्षा.

धातूच्या प्लेटचं एक बरं असतं. दहा वर्षांनी पाय दुखला तर एक्सरेत ती दिसते, काढता येते, तिच्यावरचा नंबर वाचता येतो, तुकडा प्रयोगशाळेत पाठवता येतो. विरघळलेल्या सांगाड्याचं काय पाठवणार? तिथे हाड दुबळं निघालं तर ते सांगाड्यामुळे, लोहामुळे, जंतूंमुळे की रुग्णाच्या मधुमेहामुळे, हे सांगणारा साक्षीदारच उरलेला नसतो. म्हणून साक्ष शरीराबाहेर ठेवावी लागते: कोणती बॅच, किती टक्के कण, किती क्षेत्र, किती दिवस, आणि मग एक, दोन, पाच, दहा वर्षांनी काय दिसलं.

आपण ही साक्ष ठेवू शकतो का? आपला पूर्वेतिहास बघा. एका बहुराष्ट्रीय कंपनीचा एएसआर नावाचा धातूचा खुबा २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. ऑस्ट्रेलियात तो त्याआधीच, २००९च्या शेवटी, बाजारातून गेला होता, कारण तिथल्या राष्ट्रीय सांधे-नोंदणीत त्याची दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याची टक्केवारी डोळ्यांत भरत होती. भारतात सुमारे ४,७०० जणांना तो बसवला गेला. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला तेव्हा त्यातल्या ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. धातूचा खुबा! मरेपर्यंत एक्सरेत लख्ख दिसणारा! तोही ज्यांच्यात आहे ती माणसं आपल्याला सापडली नाहीत. विरघळून गेलेल्या सांगाड्याची माणसं आपण कशी शोधणार?

सातपूर-अंबडच्या कारखान्यातून गाडीसाठी जाणाऱ्या दहा रुपयांच्या क्लिपवरही बॅच कोड असतो. मोटार कंपनीकडून तक्रार आली की कुठल्या दिवशी, कुठल्या शिफ्टला, कुठल्या मोल्डमधून ती निघाली हे संध्याकाळपर्यंत सांगावं लागतं. नाही सांगितलं तर पुढची ऑर्डर गेली. जपानी टकाटा एअरबॅगचा दोष असाच होता, रसायन उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं हळूहळू बिघडत जायचं. तरी कोट्यवधी गाड्या शोधून परत बोलावता आल्या, कारण प्रत्येक गाडीला नंबर होता आणि तो कुठेतरी लिहिलेला होता. ज्या शहरातले कामगार हे काम रोज करतात, त्या शहरातल्या रुग्णाच्या इम्प्लांटचं स्टिकर मात्र केसपेपरवर चिकटवतात, आणि केसपेपर एक्सरेच्या पिशवीत घालून घरी खुंटीला टांगला जातो. पावसाळ्यात घर गळलं की नोंद गेली.

कायदे नाहीत असं नाही. उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून आहे, पण कोणीतरी आपणहून कळवलं तर त्याला कळणार. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये आले. त्याच वर्षी गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने लगाम घातला, चांगलंच केलं. किंमत आज कोणालाही तपासता येते. तो गुडघा सात वर्षांनी कसा आहे हे तपासायला मात्र जागा नाही. ऑर्थोपेडिक सर्जनांच्या संघटनेची सांधे-नोंदणी आहे, ती ऐच्छिक. ज्यांचे निकाल वाईट त्यांनीच माहिती भरायची नाही, ही ऐच्छिक नोंदणीची जन्मखोड.

उलट, नीट केलं तर काय होतं याचंही देशी उदाहरण आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने हृदयाची झडप बनवायला घेतली तेव्हा पहिली तीन मॉडेलं चाचण्यांत नापास झाली. चौथं १९९० च्या डिसेंबरमध्ये माणसाला बसवलं, आणि मग लगेच बाजार गाठण्याऐवजी निवडक केंद्रांत रुग्णांचा पाठपुरावा केला. ती झडप आजही वापरात आहे. गरीब देशाला हे परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तेव्हाचा भारत किती श्रीमंत होता ते आठवून पाहावं.

मग नाशिकने काय करायचं? इथे असे सांगाडे बनवणारी मोठी प्रयोगशाळा उभारावी, असा माझा आग्रह नाही. पॉलिमरचं काम पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल), मुंबईत आयआयटीत चांगलं चालतं. पण महाराष्ट्रातली वैद्यकीय महाविद्यालयं ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत ते १९९८ पासून आपल्याकडे आहे, दिंडोरी रोडला, म्हसरूळला. परीक्षा आणि पदव्यांच्या पलीकडे या विद्यापीठाने राज्याची विरघळणाऱ्या इम्प्लांटची नोंदवही सांभाळावी. चुंबकीय सांगाड्यापासूनच सुरुवात करायची गरज नाही, आज वापरात असलेले विरघळणारे स्क्रू आणि हाडाचे पर्याय आहेतच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशनची कागदपत्रं ऑनलाइन जमा होतातच; बिल मंजूर झालं की तो धागा तिथेच तुटतो. तो पुढे पाच वर्षं ताणायचा. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. दरवर्षी नवे तीस रुग्ण गोळा करण्याऐवजी चार वर्षांपूर्वीच्या सीनियरचे तीस रुग्ण शोधून काढणं हाच प्रबंध का होऊ नये? आणि नोंद सक्तीची हवी, नावं झाकून आकडे सगळ्यांना उघडे हवेत.

यावर संशोधकांचा एक आक्षेप मला माहीत आहे: आधीच परवानग्यांचा डोंगर, त्यात दहा वर्षांच्या पाठपुराव्याची अट घातली तर इथे कोण काम करेल, सगळे बाहेर जातील. भीती खोटी नाही. पण पाठपुरावा पूर्ण होईपर्यंत वापर थांबवा असं मी म्हणत नाहीये. मोजक्या केंद्रांत वापरा, मोजत राहा, आकडे बिघडले की थांबवा. हाडात प्रथिन घालून ते वाढवण्याच्या उपचाराला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. २०११ मध्ये एका नामांकित नियतकालिकानेच दाखवून दिलं की कंपन्यांच्या पैशाने झालेल्या मूळ चाचण्यांत गुंतागुंती फार कमी करून सांगितल्या होत्या. तेव्हा त्या क्षेत्रावरचा विश्वास असा उडाला की चांगल्या उपयोगांनाही फटका बसला. संशोधकाला घाबरवतं ते ओझं नोंदीचं आहे की अशा बदनामीचं, हे त्यानेच ठरवावं.

व्यवहारात अडचण एकच मोठी येईल, आणि ती नॅनो वगैरे नाही. कळवणचा किंवा सुरगाण्याचा रुग्ण एप्रिलची आणि ऑक्टोबरची छाटणी, मध्ये वीटभट्टी, असा फिरत असतो. सिमकार्ड बदलतं, मुलगा दुसऱ्या गावी जातो. त्याला पाच वर्षांनी पत्र पाठवून तो येणार नाही. त्याच्या गावच्या आशाताईंना माहीत असतं तो कुठे आहे ते. त्या प्रत्येक भेटीचे त्यांना वेगळे पैसे आणि रुग्णाला येण्याजाण्याचं भाडं व बुडालेली रोजंदारी हे चाचणीच्या मूळ बजेटमध्येच धरलेलं असावं. आणि रुग्ण ज्या संमतीपत्रावर अंगठा उमटवतो त्यावर मराठीत एक रकाना असावा: सांगाडा विरघळल्यानंतर तुमची चौकशी कोण करणार, त्याचं पद आणि फोन नंबर. तो रकाना रिकामा दिसला, तर बाकी कागद कितीही चकचकीत असले तरी नैतिकता समितीने फाइल परत पाठवावी.